विंगेतलं पाणी

मुलुंडच्या आमच्या कॉलनीत गणपती बसले की पाचव्या दिवशी नाटक, आणि नाटकात मुलीचा बाप मी. नाटक दरवर्षी नवं, पण शेवटी मुलगी सासरी निघणार आणि बाप रडणार, हे कमिटीनं ठरवूनच टाकलेलं. कारण रडावं तर मीच, माझ्यासारखा रडणारा माणूस कल्याणपर्यंत नव्हता. आधी डावा डोळा सोडायचो, मग उजवा. एका वर्षी पाणी स्टेजवरून वाहत तबलजीपर्यंत गेलं, त्याला तबला उचलून मांडीवर घ्यावा लागला. खोटं वाटत असेल तर तबलजीला विचारा. तो आता हयात नाही, ती गोष्ट वेगळी.

आता गुपित सांगतो. ते पाणी माझं नव्हतं, सिगारेटीचं होतं. एन्ट्रीआधी विंगेत पेटती सिगारेट डोळ्यांखाली धरायची, दहा आकडे मोजायचे आणि "बाळ!" करत आत शिरायचं. उरलेली सिगारेट प्रॉम्प्टर संपवायचा, म्हणून तोही गप्प. त्याच्याखेरीज हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तिसऱ्या रांगेत तिच्या आजूबाजूला नाकं ओढली जायची, आणि ही कणीक भिजवताना असते तशी शांत. घरी आल्यावर म्हणायची, "छान झालं हो. आज किती ओढल्यात?" सात वर्षं कॉलनी रडली, ही नाही. ते मला फार लागायचं.

वर्षाचे बाकीचे दिवसही मी काही कोरडे सोडत नव्हतो. ऑफिसात आमच्या टेबलावर चौघे ओढणारे. साहेब आला की आधी हातानं धूर बाजूला करायचा, मग आम्हाला शोधायचा.

आठव्या वर्षी तालमीत घोटाळा झाला. सिगारेट डोळ्यांखाली धरली, दहा मोजले, चाळीस मोजले. डोळ्यांत कुणी जुहूची वाळू भरल्यासारखं खुपायला लागलं, पण थेंब नाही.

"अरे रड ना!" दिग्दर्शक ओरडला. एरवी तो पोस्टात असायचा, पण गणपतीत त्याच्याशी बोलायची सोय नसे.

"रडतोय रे!"

"कुठे? नुसते लाल झालेत. मुलीचा बाप वाटत नाहीस, गुत्त्यातून उठून आल्यासारखा वाटतोयस. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर बाप तिसऱ्या मजल्यावरचा हवालदार करेल."

हवालदार म्हणजे दरवर्षी हवालदाराचं काम करणारा माणूस. रडायला लागला की शिंका द्यायचा. माझी सात वर्षांची कीर्ती त्या शिंकांत जाणार! मी जास्त ओढायला लागलो. धुरानं पाणी येतं ना, मग धूर वाढवला की पाणी वाढणारच, असा माझा हिशेब. वाट लागली. सकाळी पापण्या बोटांनी सोडवाव्या लागायला लागल्या.

शेवटी बायकोनं पाच रस्ता नाक्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांनी काढली तर इतकी कोरडी, की तिच्यावर रजेचा अर्ज लिहिता आला असता.

"सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"अधूनमधून," मी म्हणालो.

"अधूनमधून थांबतात," बायको म्हणाली.

"डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो," डॉक्टर म्हणाले, "धुरानं तो टिकत नाही. म्हणून खुपतं."

"पण डॉक्टर, धुरानंच तर पाणी येतं! सात वर्षांचा अनुभव आहे."

"येतं आणि वाहून जातं. मुसळधार पाऊस गटारात गेला, तर तुमच्या घरच्या पिंपात काय पडलं? थेंब देतो. पण सिगारेट सोडा."

"नाटक झालं की सोडतो."

"आज सोडा."

सोडली. उरलेले दिवस इतकी बडीशेप खाल्ली की मुलुंडच्या वाण्यांनी मसाल्याच्या मार्केटला तार केली. खुपणं कमी झालं. पण हुकमी पाणी? ते काही परतलं नाही. दिग्दर्शकाला मी थाप मारली, "झकास आहेत डोळे. तालमीत वाया घालवत नाही."

नाटकाच्या संध्याकाळी विंगेत प्रॉम्प्टरनं सवयीनं सिगारेट पेटवून पुढे केली. मी बघितली. तिसऱ्या रांगेतली बायकोही बघितली. आणि हात मागे घेतला.

आत गेलो. स्टेजवरची मुलगी पाया पडली. मला रडू येईना. हात डोळ्यांकडे नेला, कोरडाच परत आला. संवादही आठवेना. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो, आणि कधी नव्हे ते मांडवात कुणाचं नाकसुद्धा वाजलं नाही. गेलं, म्हटलं, हवालदार आला. मान वर केली तर तिसऱ्या रांगेत बायकोनं पदर डोळ्यांना लावलेला.

पडद्यामागे दिग्दर्शक म्हणाला, "पुढच्या वर्षी बाप तूच. पण बोलू नकोस, असाच उभा राहा." मी ऐकलंच नाही, धावत मांडवात गेलो.

"रडलीस ना?"

"छे! पुढचा मेला सिगारेट ओढत होता. धूर गेला डोळ्यांत."

पुढे तर बायकांची रांग होती. आजही ती रोज सकाळी माझ्या डोळ्यांत थेंब घालते, आणि मी "तेव्हा रडली होतीस ना?" विचारलं की तिच्या पुढच्या खुर्चीवर अजून तो माणूस बसलेलाच असतो.