थोरलीची साक्ष

कापडगिरणीत, मागाच्या खात्यात बायका आवाज न काढता बोलत. यंत्रांच्या खडखडाटात घसा फोडण्यापेक्षा नुसते ओठ हलवायचे, समोरचीने ते वाचायचे. मुकादमाच्या नाकासमोर त्याची नक्कल चालायची आणि तो बापडा विचारायचा, "दात काय काढता गं?"

या विद्येत थोरलीचा हात धरणारी कोणी नव्हती. समोरच्या मागावर तिची धाकटी जाऊ असायची. लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरलीनेच तिला कामाला लावलं, ओठ वाचायला शिकवलं. सासूची उणीदुणी काढता काढता दोघींचा दिवस सरायचा.

हळूहळू थोरलीचे कान गेले. पोरं पाठीमागून हाका मारून दमायची. ती तक्रार घेऊन मुकादमाकडे गेली, तर तो हातवारे करत म्हणाला, "माग काय कानाने चालवतेस? हात शाबूत आहेत ना? मग झालं तर!"

ते तिच्या काळजाला लागलं. तिने कंबर कसली, दारोदार फिरून बायका गोळा केल्या. मागणी एकच: यंत्रापायी गेलेले कान ही कामावरची इजा धरा, तसं कायद्यात घाला. धाकटी सावलीसारखी बरोबर.

"जाऊबाई, पुढारी झाल्यावर ओळख दाखवाल ना?"

"दाखवीन की! खुर्ची पुसायला तूच लागशील."

अखेर सरकारी साहेबांपुढे चौकशी लागली. साक्ष थोरलीची. पण त्याच आठवड्यात मालकाने धाकटीच्या मुलाला कामावर कायम केलं, आणि चौकशीच्या दिवशी धाकटी मालकाच्या माणसांत, समोरच्या बाकावर दिसली. थोरलीने मनाला समजावलं, बसू दे. बसायला लावलं असेल.

साहेब म्हणाले, "हं, बोला बाई. थोडक्यात, पण सविस्तर."

थोरली बोलली. पोराचं रडणं शेवटचं कधी ऐकू आलं ते सांगितलं, कुणाकुणाचे कान गेले ते सांगितलं. सांगता सांगता डोळे भरून आले. साहेब मात्र पेन हातात धरून तसेच बसलेले. पाठीमागून बायका कुजबुजत होत्या, "अगं, बोल की! गप्प का झालीस?" ते तिला ऐकू येण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, त्यात कान गेलेले. आपल्या तोंडून आवाजच निघत नाही, हे तिला कळलंच नाही. नुसते ओठ हलत होते, आणि ते वाचता येत होते फक्त समोरच्या बाकावरच्या धाकटीला.

साहेब तिकडे वळले. "तुम्ही घरच्या ना? काय म्हणतायत या?"

धाकटीने प्रत्येक शब्द वाचला होता. तिने मालकाच्या माणसाकडे पाहिलं.

"काही नाही साहेब. घाबरल्यात."

थोरलीने ते ओठ वाचले. मग मात्र ती खरोखरच गप्प झाली. साहेबांनी पुन्हा विचारलं, पाण्याचा पेला पुढे केला. तिची मान वर झाली नाही. साक्षीविना चौकशी तिथेच मिटली.

दुसऱ्या दिवशी दोघी आपापल्या मागावर उभ्या. धाकटीचे ओठ हलू लागले, "जाऊबाई, पोराचं भलं बघितलं हो... एकदा बघा तरी माझ्याकडे..."

थोरलीने माग थांबवला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.