नवसाचं ताट

श्रीलंकेहून परत येऊन पाच आठवडे झाले तरी मी आबांना भेटायला गेलो नव्हतो. आबा म्हणजे माझे वडील. केडगावजवळच्या आमच्या गावी ते धाकट्या भावाकडे राहतात. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघालं, की मोटारसायकलवर दीड तासात माणूस तिथं पोचतो. फोनवर मी रोज सांगायचो, की सहा आठवड्यांचं काम साठलंय, कंपनी रविवारीही बोलावते. हे खोटं होतं. रविवारी मी घरात लोळत पडलेला असायचो. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, "परदेशात जाऊन आल्यावर बापाला भेटायलाही व्हिसा लागतो का?"

न जाण्याचं कारण तिला माहीत होतं. तिकडे मी एका देवासमोर नवस फेडायला फळांचं ताट घेऊन उभा राहिलो होतो. वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून भीमेत सोडले. ती टोपली आबांच्या डोक्यावर होती. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे असतील. पुढं रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करताना साहेबांच्या घरचा पूजेचा प्रसाद त्यांनी कधी घेतला नाही. हात जोडून नको म्हणायचे आणि त्यावरून दिवसभर टोमणे ऐकायचे. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ आहेत असं म्हणणं पुरेसं नाही, ते त्या जगलेत. मीही विहारात उभा राहून त्या कितीदा म्हटल्या आहेत. आणि बावन्नाव्या वर्षी त्या सोडून आलो होतो. आबांना हे कळलं तर ते माझ्याशी पुन्हा नीट बोलतील की नाही, एवढीच मला धास्ती होती.

शिक्रापूरच्या पुढं एका कारखान्यात मी पाणी शुद्ध करायच्या प्लँटचा मेंटेनन्स बघतो. श्रीलंकेच्या कोरड्या भागात विहिरींचं पाणी चांगलं नाही, म्हणून तिथल्या शाळांतून फिल्टर बसवलेत आणि ते सारखे बंद पडतात. दुरुस्ती येणारी माणसं एक संस्था विनामोबदला नेते, असं मला आमच्या विहारात कळलं. अट एकच होती. हॉटेलात राहायचं नाही. गावातल्या घरात राहायचं, ते खातील ते खायचं, त्यांच्यातलं होऊन राहायचं. माझी रजा साठलेली होती. आबा तर गावभर सांगत सुटले, की पोरगा बुद्धाच्या देशात चालला. तिथं उतरलो तर तिथली माणसं एकमेकांना सांगत होती, की बुद्धाच्या देशातून माणूस आलाय. तेव्हा मला हसू आलं होतं.

माझं तिथलं घर म्हणजे साठीच्या एक विधवा बाई आणि त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी. बाईंना सगळे अम्मा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. मुलीला इंग्रजी येत होतं. माझं इंग्रजी म्हणजे मशीनच्या मॅन्युअलमधलं. आमचं बोलणं त्या दोन इंग्रजींच्या मधून कसंबसं वाट काढायचं. जमीन आपल्या दौंडकडच्यासारखीच, पण हवेत इतका दमटपणा, की धुतलेली बनियन दोन दिवस वाळायची नाही. तिन्ही वेळा भात आणि नारळ. पहिल्या आठवड्यात मी रात्री भाकरीची स्वप्नं बघत होतो.

पहिल्याच संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं मला बघायला आली. मला मधली खुर्ची दिली. एका आजीनं माझा हात घेऊन कपाळाला लावला. मग अम्मांनी विचारलं, तुमचे लोक बुद्धांच्या काळापासूनच बौद्ध ना? मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मी हो म्हणालो.

का म्हणालो, याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. खरं सांगायला माझं इंग्रजी पुरलं नसतं, हे त्यातलं एक. पण त्याच वेळी पायरीशी एक माणूस येऊन बसला होता. देवळात ढोल वाजवणारा, असं मुलीनं सांगितलं. बाकीच्यांना खुर्च्या होत्या, तो एका बुटक्या बाकावर बसला. चहा त्यालाही दिला. कदाचित त्याला तिथंच बसायला आवडत असेल, मला अजून खात्री नाही. पण त्याचं ते बसणं मला ओळखीचं वाटलं. माझे आजोबा पाटलाच्या ओट्याखाली कसे बसायचे, हे आबांनी मला करून दाखवलं होतं. मी खुर्चीवरून उठलो नाही. आणि हो म्हणालो.

त्यानंतर तीन आठवडे काम चांगलं झालं. पाच शाळांचे फिल्टर चालू केले, दोन बायकांना फिल्टरमधलं पाणी गाळणारं मेंब्रेन धुवायला शिकवलं. चौथ्या आठवड्यात मला डेंग्यू झाला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठ दिवस होतो. पहिल्या चार दिवसांतलं फार आठवत नाही. डोळे उघडले की अम्मा दिसायच्या, ओल्या फडक्यानं पाय पुसताना, नाहीतर स्टुलावर बसून पेंगताना. पलंगाच्या दांडीला पांढऱ्या कपड्याची एक पुरचुंडी बांधलेली होती. मला वाटलं, डास पळवायचं औषध असेल.

घरी आल्यावर मुलीनं सांगितलं, की त्यात हळदीच्या पाण्यात धुतलेलं नाणं आहे. अम्मांनी माझ्यासाठी नवस बोलला होता. गावच्या विहाराच्या आवारातच देवाचं छोटं देऊळ आहे, तिथं. आता फळांचं ताट न्यायचं आणि ते नाणं तिथं सोडायचं. ताट अम्मांनी नेऊन चालत नाही. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच न्यायचं.

मी विचारलं, नवस बुद्धांना का नाही बोलला? मुलीनं अम्मांना विचारलं. अम्मांना माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. त्या म्हणाल्या, बुद्धांकडं ताप उतरवा असं कसं मागणार, ते या सगळ्याच्या पलीकडं गेलेले. तापासाठी देव.

 याला माझ्याकडे उत्तर होतं, आबांनी लहानपणापासून दिलेलं, पण ते सांगायचं तर आधी पहिल्या संध्याकाळचं खोटं काढून टाकावं लागलं असतं. मी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. अननस, केळी, नारळ, विड्याची पानं असं ताट अम्मांनी रचलं होतं. त्या बाजूनं चालत होत्या आणि मी दमलो तर धरायला हात पुढं करून होत्या. देव निळा होता. कोण ते मी ओळखलं, आमच्या पहिल्याच प्रतिज्ञेत त्याला देव मानणार नाही असं आहे. पुजाऱ्यानं काहीतरी म्हटलं, ताट घेतलं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. आपोआप हा शब्द मी मुद्दाम खोडून पुन्हा लिहिला आहे. मला खरंच कळत नाही, की ते मी जोडले की जोडले गेले. अम्मा रडत होत्या. मलाही रडू आलं, आणि ते कशाचं होतं तेही कळलं नाही.

शिरूरला परत आल्यावर आमच्या विहारातले लोक मागं लागले, की पौर्णिमेला तिथले फोटो दाखवा, चार शब्द बोला. अम्मांच्या मुलीनं पाठवलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, ताट घेतलेला. मी मोबाइल बिघडलाय म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "नवस फेडलात ना? मग मिटलं. आता आबांना सांगून टाका, नाहीतर मी सांगते." तिनं खरंच सांगितलं असतं. म्हणून पाचव्या रविवारी निघालो. न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास अडकलो आणि मला बरं वाटलं.

आबा अंगणात खाटेची सैल नवार ओढत बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "आलास व्हय. धर ह्ये टोक." मी टोक धरलं आणि तसंच सगळं सांगितलं. डेंग्यू झाल्याचं त्यांना फोनवर कळवलेलं होतं. पुरचुंडी, ताट, निळा देव आणि हात, हे आता सांगितलं. ते नवार ओढत राहिले.

"ताप कितीवर गेलता?" त्यांनी विचारलं.

"एकशे चार."

"दवाखान्यात जवळ कोण?"

"त्याच अम्मा."

त्यांनी नवार खाटेच्या दांडीवरून एकदा फिरवून घेतली. मग म्हणाले, "तिला ठाव हाय का, आपण देव का सोडलं?"

मी नाही म्हणालो. इथंच थांबता आलं असतं. पण आता लपवायला जोर उरला नव्हता. मी पहिल्या संध्याकाळचं सांगितलं, की मी हो म्हणालो, आपण बुद्धांच्या काळापासूनच बौद्ध आहोत असं.

आबांनी नवार सोडली. "मंग माझा बाप कोण व्हता?"

ताटावरून ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्याची तयारी करूनच आलो होतो. याची तयारी नव्हती. मी खाली मान घालून उभा राहिलो. भावजय चहा घेऊन बाहेर आली, आमच्याकडं बघितलं आणि चहा ओट्यावर ठेवून आत गेली.

"लाव फोन तिला," आबा म्हणाले.

मी म्हणालो, आबा, आत्ता नको, पोरीला वेळ आहे की नाही विचारतो. ते म्हणाले, लाव. मी व्हिडिओ लावला. मुलीनं उचलला, मग अम्मा आल्या, आबांना बघून हात जोडले. आबांनीही जोडले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, एकेक वाक्य, माझ्यासाठी थांबत थांबत. मी त्याचं इंग्रजी करायचो, मुलगी त्यांच्या भाषेत सांगायची. आमच्या माणसांना देवळात घेत नव्हते. पाणी वरून ओतायचे. माझ्या बापानं ठरवलं, की हे देव आपले नाहीत. टोपली माझ्या डोक्यावर दिली. हे सगळं मी शंभरदा ऐकलेलं होतं, त्यामुळं बरं जमत होतं.

मग आबा म्हणाले, "सांग तिला, नदीपतुर मी रडत गेलतो. वाटायचं, देव कोपल."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. "सांग की," ते म्हणाले. मी सांगितलं.

"आन् हा तीन वर्साचा असताना तापानं फणफणला. मी ह्याला दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात न्हेला. ह्याच्या आईनं मागं चोरून नवस बोलला. तिला वाटलं, मला ठाव न्हाई. ठाव व्हतं. मी काय बोललो न्हाई."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या तोंडून मी देवाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आबा हे माझ्याकडं न बघता, मोबाइलमधल्या एका परक्या बाईला सांगत होते, आणि ते तिच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. कोणता देव, कुठं, असं मला मध्येच विचारायचं होतं. पण माझी पाळी बोलण्याची नव्हती. मी वाक्य केलं. चुकीचं केलं असेल. माझी आई, असं म्हणायच्या ऐवजी याची आई, असं म्हणून गेलो.

पलीकडं मुलीनं ते अम्मांना सांगितलं. अम्मा मोबाइलच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी विचारलं, तो नवस फेडला होता का?

आबा म्हणाले, "सांग, म्या कवा इचारलं न्हाई."

अम्मा मुलीशी बराच वेळ बोलल्या. मुलगी मला म्हणाली, अम्मांना तुम्ही सांगितलेलं सगळं समजलं, त्या म्हणतात तुम्ही आता ताट घेऊन उभं राहू नका. पण तुमच्या आईचा नवस राहिला असेल तर रीत मोडून येत्या पौर्णिमेला त्या स्वतः तो फेडतील, तुमच्या वडिलांची हरकत नसेल तर.

मी आबांना सांगितलं. ते चहाच्या कपाकडं बघत बसले. चहावर साय धरली होती.

"न्हाई म्हण," ते म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. "पन तिला वाईट वाटंल असं म्हणू नगं. तू मेला असतास तितं."

हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मी काय बोललो ते मला नीट आठवतही नाही. थँक्यू दोनदा म्हणालो, नो एकदा, आणि फादर हा शब्द वापरला. मुलीनं त्याचं तिकडं काय केलं, देव जाणे असं लिहिणार होतो. ती जाणे. अम्मा हसल्या, मान हलवली. त्यांच्याकडं हो म्हणताना मान जशी डोलवतात, तशीच होती ती. त्यांना होकार कळला की नकार, हे मी विचारायच्या आत फोन कट झाला.

पौर्णिमा परवा आहे. पुन्हा फोन लावून खात्री करावी का, असं मी आबांना काल फोनवर विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, की पौर्णिमेला विहारात तू बोलणार हायस का न्हाई. मी हो म्हणालो. काय बोलणार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, टोपलीपासून सुरू करतो. ते म्हणाले, मंग मी येतो ऐकायला, सकाळची चौफुल्यावरनं गाडी हाय का बघ.