होळीत गेलेले टेकू

मी गोष्ट सांगायला बसलो की आमची मुलं एकाएकी अभ्यासू होतात. त्यातून पुलाची गोष्ट म्हटली की बायकोला चुलीवरचं दूध आठवतं. म्हणून ही लिहूनच ठेवतो. कागद उठून जात नाही.

साठ सालानंतरचे दिवस. मी नवाकोरा ओव्हरसियर, डोळखांबच्या पुढच्या एका गावात ओढ्यावर पूल बांधत होतो. पूल केवढा, तर एक एसटी जाईल एवढा. पण तो झाला की पावसाळ्यातही शहापूर गाठता येणार, म्हणून गावात माझा थाट जावयाचा. जेवण पोलीसपाटलांच्या घरी, तेही पाटावर बसून.

शिमग्याच्या आठवडाभर आधी स्लॅब ओतला. तो पुरता घट्ट होईस्तोवर त्याला खालून लाकडी टेकू लागतात, निदान तीन आठवडे. हे मला पाठ होतं. गावाला दुसरंच पाठ होतं. होळीसाठी लाकूड पळवलं तर ती चोरी नव्हे, आणि ज्याचं गेलं त्यानं हसायचं.

धुळवडीच्या सकाळी होळीच्या राखेत मला माझे खिळे दिसले. ओढ्याकडे धावलो. टेकू गायब, स्लॅब आपला वर उभा.

"वरून मानसं चालतात, सायेब," पाटील म्हणाले. "मग खालची लाकडं रिकामीच ना? हसा की जरा!"

मी खालून दोरी ताणून पाहिली. स्लॅब मधोमध दोन बोटं खाली आला होता आणि त्याच्या पोटाला केसासारख्या भेगा होत्या.

शहापूरहून माझे साहेब आले, वाकून बघितलं, म्हणाले, "गिलावा मार. गावाला गाडी हवी, मला उद्घाटन हवं, तुला नोकरी हवी. भेग कुणाला हवीय?"

यावर मी बाणेदार उत्तर दिलं, असं मुलांना सांगत आलोय. खरं तर मी "हो साहेब" म्हणालो आणि माल कालवायला लावला. गवंडी थापी घेऊन खाली शिरला. भेगा एकेक करून बुजायला लागल्या. आता त्या कुणालाच दिसणार नव्हत्या, गाडीत बसणाऱ्याला तर नाहीच. गवंड्याला थांबवलं आणि ठाण्याला मोठ्या साहेबांकडे गेलो. तिथे मी बोललो कमी, अडखळलो जास्त. तरी ते आले, त्यांनी पाहिलं, आणि स्लॅब पाडायचा हुकूम दिला.

फोडताना घण उसळून परत येत होता. काठावर सगळं गाव बसलेलं. "पडत नाय, म्हून पाडतात!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मला तरी कुठे ठाऊक होतं, तो खरंच पडला असता की नाही? पूल पाडला की तो पडणार होता याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

भांडलं कुणी नाही. "जेवलात का?" हे विचारणं तेवढं थांबलं. मी खोलीत नाचणीच्या भाकऱ्या थापू लागलो. त्यातली एकही मी इंजिनिअर म्हणून पास केली नसती.

आषाढात पाटलांची सून बाळंतपणात अडली. ओढा भरून चाललेला. चौघं डोली खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यात शिरायला निघाले. मी खांदा लावायला पुढे झालो.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," पाटील म्हणाले. "तुमी नियमाची मानसं."

सून आणि बाळ सुखरूप आली, हे मला कुणी सांगितलं नाही. पाटलांच्या घरावरून जाताना रडणं ऐकू आलं, त्यावरून कळलं.

नव्या मंजुरीत वर्ष गेलं. दुसरा स्लॅब ओतला तो पुन्हा शिमग्याच्या तोंडावरच. या खेपेला मी शहाणपणा केला आणि एक चांगला ऐनाचा ओंडका आपल्या दारात, सहज पळवता येईल असा ठेवला. पोरं बोंबा मारत आली, शेजारच्याची मोडकी बाज उचलली, आणि माझ्या दारावरून तशीच पुढे गेली. माझं लाकूड पळवावं एवढाही मी त्यांचा उरलो नव्हतो.

सकाळी ओंडका ओलांडून, जीव मुठीत धरून ओढ्यावर गेलो. टेकू सगळे जागच्या जागी. भोवती कुणीतरी करवंदीच्या काट्यांचं दाट कुंपण घातलेलं, गुरंसुद्धा आत शिरणार नाहीत असं.

कुणी घातलं, ते विचारावंसं फार वाटलं. पण विचारायचं कुणाला?