उजवा स्पीकर दबलाय

घरातल्या गाण्याला आजार जडला की लोक स्पीकर जुळवून देणाऱ्या खोलीवैद्यांना बोलावत. ऐकणारा बसतो तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर ते माईक उभा करत. स्पीकरमधून खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा एक लांबलचक आवाज सोडत आणि लॅपटॉपवर उमटलेली रेघ पाहून निदान करत, "कोपऱ्यात खर्ज साचलाय. स्पीकर वीतभर पुढे घ्या, मागे गादी लावा." उपचार झाले की माईक पेटीत जाई आणि शेवटची दुरुस्ती ते खुर्चीत बसून, डोळे मिटून, स्वतःच्या कानांनी करत. त्या कानांचा तोरा इतका, की थंडीतही ते टोपीखाली जात नसत.

त्या दुपारी पेशंट होती त्यांच्याच थोरल्या बहिणीची बैठकीची खोली. रेघ म्हणत होती, दोन्ही स्पीकर सारखे. वैद्य खुर्चीत बसले आणि म्हणाले, "उजवा दबलाय."

"रेघ तर सारखी आहे की रे!"

"ताई, रेघेला काय कळतंय?"

त्यांनी वायरी बदलल्या. स्पीकरांची अदलाबदल केली. तरी दबलेला उजवाच. भिंतीलाही चार शब्द सुनावून झाले.

"सगळं घर फिरवलंस," ताई करवादली. "आता तूच तोंड फिरवून बस!"

वैद्यांनी चिडून खुर्ची उलटी केली आणि बसल्या जागी थिजले. आता दुसराच स्पीकर दबला होता. त्यांच्या उजव्या कानाकडे येईल तो दबत होता.

त्यांनी उजव्या कानाशी चुटकी वाजवली. मग डाव्या. पुन्हा उजव्या.

"ताई... हा कान गेलाय गं."

"मळ असेल, वेड्या. उद्या दाखवू डॉक्टरांना."

पण वैद्यांच्या डोळ्यांपुढून वर्षभरातली घरं सरकत होती. प्रत्येक घरात शेवटच्या दुरुस्तीत उजव्याचा आवाज वाढवलेला! त्यांनी पहिला फोन लावला, त्यातल्याच एका घरी, दातांच्या डॉक्टरांना.

"साहेब, तुमचा उजवा स्पीकर मी चुकून वाढवून ठेवलाय. माझा कान बिघडलाय. येऊन सारखा करून देतो."

"चुकून? अहो, बायको म्हणत होती उजवीकडून फार अंगावर येतं. मी तिला म्हटलं, तुला गाण्यातलं काही कळत नाही! सहा महिने स्वयंपाकघरात बसून ऐकतेय ती!"

वैद्य घाईने म्हणाले, "वहिनींना फोन द्या. आधी त्यांची माफी मागतो."

माफी मागून झाली. ताईने पाण्याचा पेला पुढे केला.

"अजून किती घरं?"

"दहा."

"लाव मग. मी बसलेय इथेच."