पांगाऱ्याचा बिंडा

त्या वेळी मी छाती फुगवली की सदऱ्याचं वरचं बटण तुटायचं, आणि मला त्याचा फार अभिमान होता. देहूरोडला आमच्या तालमीत रेल्वेच्या भंगारातून आणलेली ट्रॉलीची दोन चाकं एका लोखंडी दांड्याला बसवली होती. ती डोक्यावर नेणारे आम्ही तिघेच. वस्तादांचा हुकूम साधा होता. वजन उचलणाऱ्यानं पळू नये आणि पाण्यात तर मुळीच उतरू नये, पाण्यानं अंग सैल पडतं. मी तो हुकूम डोळे मिटून पाळला. पहाटे वजनं, मग तांब्याभर दूध, मग लष्कराच्या डेपोत दिवसभर खोकी उचलणं. चार पावलं धावायची वेळ आली की मी सावकाश चालत जायचो आणि त्यालाच रुबाब समजायचो.

डेपोतली माझी नोकरी कच्ची होती. डेपोच्याच आग विझवणाऱ्यांच्या पथकात जागा निघाल्या होत्या. तिथं लागलं की नोकरी पक्की आणि राहायला एक खोली. त्या खोलीसाठी माझा जीव तुटत होता. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि बायको अजून माहेरी, आंदर मावळात. मला आईवडील नव्हते, घर नव्हतं, बाजारातल्या एका खोलीत आम्ही पाच जण पथाऱ्या टाकून राहत होतो. तिथं तिला कुठं आणणार? रविवारी सकाळच्या गाडीनं कान्ह्याला उतरायचं, दोन-अडीच तास चालत सासुरवाडी गाठायची आणि दिवस कलला की परत फिरायचं, असा आमचा संसार. वाटेत एखादी म्हातारी हटकायचीच, "पाव्हणं, आमच्या पोरीला नेणार कवा?" मी हसून वेळ मारून न्यायचो.

पथकाची परीक्षा म्हणजे एक माणूस खांद्यावर घ्यायचा, पळत मैदानाच्या त्या टोकाला जायचं, वळायचं आणि परत यायचं. मला वाटलं, हा तर पोरखेळ. माणूस उचलला तो उशी उचलावी तसा. पण वळेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि वळल्यावर मी गुडघ्यावर आलो. पहिल्या वेळी पाय घसरला म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगायलाही काही उरलं नाही. सासुरवाडीला मात्र मी म्हणालो, "निकाल यायचाय." थाप मारायची लाज वाटली, पण खरं सांगायची त्याहून जास्त वाटली. तिसरी आणि शेवटची संधी माघात होती.

दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी झाली. सासऱ्यांवर छाप पाडायची म्हणून मी एका वेळी दोन-दोन भारे उचलून खाचरातून वर खळ्याकडे निघालो. मागून बायको डोक्यावर एक भारा घेऊन, शेजारणीशी अखंड बोलत, चढ चढत होती. खळ्यात पोचल्यावर तिनं भारा टाकला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मी भारे टाकले आणि मधल्या खांबाला मिठी मारली.

शेजारीण गेल्यावर ती जवळ आली. "तुमी दम कोंडता," ती म्हणाली.

"काय?"

"वजान उचाललं की तोंड मिटून घेता. चढ सरंस्तवर सोडतच न्हाई. मानूस हाय का फुगा?"

"दम कोंडल्याशिवाय वजन उचललं जात नाही. वस्ताद सांगतात."

"उचलून जाग्यावर ठिवायचं आसंल तर वस्तादांचं बराबर आसंल. हितं चालायचं बी आसतंय."

मला असा राग आला की दुपारची भाकरी मी भिंतीकडे तोंड करून खाल्ली. चाकं डोक्यावर नेणाऱ्याला ही शिकवणार! पण परतीच्या वाटेवर मुद्दाम लक्ष दिलं, तर खरंच, चढ आला की माझे ओठ घट्ट मिटत होते.

पुढच्या रविवारी ती मला नदीच्या डोहावर घेऊन गेली. लहानपणापासून म्हशींच्या मागे ती त्या डोहात पोहत आलेली. तिच्या हातात पांगाऱ्याचा बिंडा होता. हातभर लांबीच्या आठ वाळक्या, हलक्या कांड्या दोरीनं आवळलेल्या. तो पाठीला बांधून तिकडची पोरं पोहायला शिकतात, आणि दर खेपेला एकेक कांडी काढून घेतात. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आम्हाला येताना पाहिलं, उगाच खाकरले आणि गुरं घेऊन पलीकडच्या उतारावर गेले. लेकीजावयाला अवघडायला नको म्हणून. काठावर धुणं धुणाऱ्या बायका मात्र हलल्या नाहीत. पाठीला बिंडा बांधलेला तो पैलवान बघून त्या जे हसल्या ते अजून माझ्या कानांत आहे.

पाणी गार होतं आणि मी दगडासारखा जड. शिवाय सवयीनं श्वास कोंडलेला. ती काष्टा मारून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. "सोडा!" ती ओरडायची. "तोंड पान्यात आसलं की म्हशीगत फुरफुरा, वर आलं की घ्या. सोडा, सोडा!" पहिल्या दिवशी मी अर्धा डोह प्यायलो.

मग तिनं एक नियम घातला. पलीकडे जाऊन परत आलं की लगेच बोलून दाखवायचं. बोलता आलं तर दम पुरला, नाही तर पुन्हा जा. "काय बोलू?" मी विचारलं. ती जरा लाजली. "खोली मिळाल्याव कुटं काय ठिवायचं, ते सांगा."

त्या दिवशी कसाबसा म्हणालो, "चूल... खिडकीखाली." ती म्हणाली, "धूर भायेर जाईल. बराबर."

दर एक-दोन रविवारांनी एक कांडी कमी होत गेली आणि आमची खोली भरत गेली. पाण्याचा हंडा दाराच्या उजव्या हाताला. जातं कोपऱ्यात. तिची पत्र्याची पेटी माझ्या ट्रंकेवर. पौषात मी चार फेऱ्या मारून एका दमात पूर्ण वाक्य बोलायला लागलो. तालमीत चाकं तशीच वर जात होती, उलट खाली ठेवल्यावर पूर्वीसारखं भिंतीला टेकावं लागत नव्हतं. वस्तादांना अर्थात काही सांगितलं नाही.

परीक्षेआधीच्या रविवारी बिंड्यात कांडीच उरली नव्हती. मी मोकळ्या पाठीनं गेलो आणि आलो. ती काठावर वाट बघत होती. "बोला." खोलीत ठेवायचं काही उरलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "मी दोनदा नापास झालोय."

"ठाव हाय," ती म्हणाली. "डेपोतल्या मानसानं आबांला बाजारात कवाच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला लय दम लागला व्हता." तिनं माझ्या डोक्यावर पंचा टाकला आणि खसाखसा पुसायला लागली. मला तिचं तोंड दिसू नये म्हणून असेल, किंवा तिला माझं.

माघात मी माणूस खांद्यावर घेऊन पळालो. वळलो. परत आलो. खाली उतरल्यावर तो खांद्यावरचा गृहस्थ म्हणाला, "अरे, सबंध वाटभर चूल, हंडा, जातं असं काय बडबडत होतास?" मी पास झालो होतो.

होळीआधी तिला खोलीवर आणलं. खिडकी भलत्याच भिंतीला निघाली, पण बाकी सगळं तिनं ठरल्या जागी मांडलं. मग ती मोरीत गेली आणि नळ सोडला. करंगळीएवढी धार. तिनं धारेखाली हात धरला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. "पानी लय बारीक हाय हितलं," एवढंच म्हणाली.

इतके रविवार मी त्या खोलीत एकेक वस्तू ठेवत आलो होतो. तिची नदी कुठं ठेवायची, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. सवयीनं मी दम कोंडला आणि ओठ घट्ट मिटले.

तिनं मान वळवून बघितलं. "सोडा," ती हळूच म्हणाली.

तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसून मी ढसाढसा रडलो. पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं डोहावर गेलो.