मिनिटाला चार थेंब

रक्त सांडायला मोठं कारण लागतं. राज्य, जमीन, कुळाची अब्रू. मी बारामतीत एका कॉलेजचा ग्रंथपाल आहे आणि ज्यांत असं लिहिलेलं असतं ती जाडजूड पुस्तकं रोज पुसतो. आमच्या गावी, वरकुट्याला, घरच्या अंगणात रक्त सांडलं तेव्हा कारण वाटीभर होतं, हिरवट होतं आणि जीपखाली साचलेलं होतं.

जीप माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, आणि धाकट्या चुलत्यांची, म्हणजे नानांची. वाटणीत ऊस, गोठा, आंब्याची झाडं, सगळ्याचे दोन भाग झाले. जुन्या जीपचे करता येईनात. मग विहिरीच्या पाण्यासारखी तिचीही पाळी लागली. एक आठवडा आबांचा, एक नानांचा. सोमवारी सकाळी किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायची. हातात द्यायची नाही, कारण हातात दिली की बोलावं लागतं.

त्या सोमवारी नानांची पाळी संपली होती आणि मी सुट्टीला गावी होतो. आबा जीप बघायला गेले आणि खाली साचलेलं पाणी बघून उकिडवे बसले. बोट बुडवलं, वास घेतला आणि चाटलं. आबांनी वीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं. काकवी चाखून ऊस कुठल्या रानातला ते सांगायचे. ते खरं असतं का, हे कुणी कधी तपासलं नव्हतं.

"गोड हाय," आबा म्हणाले.

"थुका आबा, थुका आधी," मी म्हणालो. ते थुंकले.

"साखर घातलीया त्यानं पाण्यात. माझी पाळी आली की इंजान बसावं म्हणून." मग ते उठले आणि तुळशीकडे तोंड करून म्हणाले, "ज्यानं ह्या गाडीच्या पाण्याला हात लावला, त्याचा हात मोडला न्हाय तर बापाचं नाव लावणार न्हाय."

आबांच्या शपथा पोकळ नसतात. चुलत मामाच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाले होते, ते त्याच्या मयतालाही रस्त्यावर उभे राहिले.

अडचण एवढीच होती की तो हात माझा होता. दोन आठवड्यांपूर्वी, आमच्याच पाळीत, मी जीप घेऊन इंदापूरला गेलो होतो आणि ती तिथं उकळली. गॅरेजवाल्यानं रेडिएटरमधलं चहाच्या रंगाचं पाणी काढलं, आतून दोनदा धुतलं आणि इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरलं. मी घरी सांगितलं नाही. जे पाणी माणसाला चालतं ते गाडीला चाललंच पाहिजे, गाडीसाठी वेगळं विकत आणणारा मूर्ख, असं आबांचं मत होतं. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड असतं, हे मला ठाऊक होतं. थुका म्हणालो, ते त्यामुळे. पुढचं वाक्य घशाशी आलं आणि परत गेलं. माझं वय पंचेचाळीस होतं.

आधी गळती कुठं आहे ते शोधू, मग पुराव्यासकट सांगू, असं मी स्वतःला समजावलं. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, कारण गरम झाल्याशिवाय गळती तोंड दाखवत नाही. मग बंद केलं, जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि फडकं घेऊन खाली शिरलो. रेडिएटरचं बूड कोरडं. रबरी पाइप कोरडे, क्लिपा कोरड्या. तेवढ्यात अंगणात नानांचे अनवाणी पाय आले. ते गाईंना गवत कापून येत होते. कोयता पोटरीशी लोंबत होता.

"दादा, किल्ली ठिवली हाय कट्ट्यावर."

"किल्ली तू ठिवलीस. साखर कुणी ठिवली?"

"कसली साखर?"

"रेडिएटरातली."

"शुगर तुला हाय दादा. गाडीच्या अंगावर कशाला ढकलतोस?"

आबांनी उचललेली काठी मला खालून दिसली नाही, आवाज आला. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा. कोयता सुटला आणि माझ्या कानापासून वितीवर जमिनीत रुतला. त्याच्या पात्याला गवत चिकटलेलं होतं. मग आबांची जाड टाचांची पायताणं आणि ते अनवाणी पाय एकमेकांत अडकले आणि दोघं धाडकन आडवे झाले, थेट माझ्या डोळ्यांसमोर. नानांचा डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. आबा बरोबर त्याच जागी बुक्क्या घालत होते. नानांच्या दातांत आबांचा कान होता. कुणी शिव्या देत नव्हतं. फक्त श्वास, आणि नानांच्या घशातून गाय विताना काढते तसला आवाज. आबांच्या मानेवरून रक्त उतरलं आणि माझ्या वर्तमानपत्रावर पसरलं.

त्याच वेळी माझ्या कपाळावर थेंब पडला. कोमट. मी वर पाहिलं. वॉटर पंपाच्या बुडाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. मी मोजलं. मिनिटाला चार थेंब.

"सापडलं," मी म्हणालो. ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

बाहेर येऊन मी दोघांच्या मधे पडलो तेव्हा मला एक लाथ आणि अर्धा बुक्का मिळाला. कानाची पाळी कातड्याच्या दोरीवर लोंबत होती. शेजारचा टेम्पो डाळिंबं घेऊन मार्केटला गेलेला. दोघांना दवाखान्यात न्यायला जीपशिवाय काही नव्हतं. मी विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन मागे टाकले. आबा पुढे, नाना मागे, आणि जीप बारामतीच्या रस्त्याला लावली.

चालत्या इंजिनाच्या दाबानं थेंबांची धार झाली आणि कॅन वाटेतच संपले. कालव्याच्या पुलावर तापमानाचा काटा लालच्या पुढे गेला. मी गाडी थांबवून कॅन भरायला कालव्यात उतरलो. वर येतो तो आबा बॉनेट उघडून, कानाला बांधलेला टॉवेल सोडून तो झाकणावर ठेवत होते.

"आबा, निवू द्या तिला," मी खालून ओरडलो.

"झाकण काढू नको, वाफ हाय त्यात," मोडका हात दुसऱ्या हातानं सावरत मागून उतरलेले नाना म्हणाले.

"तू मला शिकवू नको." आणि आबांनी झाकण फिरवलं.

नानांनी त्यांच्या कमरेत लाथ घातली. पूर्ण ताकदीची. आबा बाजूला कोसळले आणि जिथं त्यांचं तोंड होतं तिथून पुरुषभर उंच उकळतं पाणी उडालं. आबांचा मागे राहिलेला हात तेवढा त्यात सापडला आणि मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी लालभडक होऊन सुटली. आबांना वाटलं मारामारी पुन्हा सुरू झाली. त्यांनी पडल्या जागेवरून चांगल्या हातानं नानांच्या गुडघ्यावर दगड घातला. मग मान वर करून वाफेकडे पाहिलं.

मी त्यांच्या हातावर कालव्याचं पाणी ओतत राहिलो.

"लई जोरात घातलीस," आबा म्हणाले.

"हात धड असता तर ढकललं असतं," नाना म्हणाले.

तेव्हा मी सांगितलं. इंदापूर, गॅरेज, हिरवं कूलंट, त्याची गोडी, पंपाचं भोक. सगळं एका दमात, आबांच्या हातावर पाणी ओतत. आबा त्या पाण्याच्या धारेकडे बघत होते.

"मग मोड की आता ह्याचा," नाना म्हणाले. "शपथ घातलीस न्हवं तुळशीम्होरं?"

आबांनी माझे दोन्ही हात नीट बघितले. नानांचा लोंबणारा बघितला. स्वतःचा भाजलेला बघितला.

"मग गाडी कोण चालवंल?" आबा म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरनं हात कशानं मोडला विचारलं, तर नाना म्हणाले, "जीपनं." कान कशानं तुटला, तर आबा म्हणाले, "जीपनंच." भाजलेल्या हाताबद्दल तेच उत्तर आलं आणि ते खरं होतं. डॉक्टरनं जीपचा नंबर मागितला, तो दोघांनी एकदमच सांगितला.

आबांच्या कानाला टाके आणि नानांच्या हाताला प्लास्टर पडेपर्यंत मी जीप मिस्त्रीकडे नेली. त्यानं पंप खोलला. म्हणाला, सील कधीच गेलेलं होतं, आतल्या गंजानं भोक बुजवून ठेवलं होतं. कुणीतरी हौसेनं आतून धुतलं आणि ते मोकळं झालं. हौस कुणाची, हे त्यानं विचारलं नाही. नवं सील बसवायला त्याला तास लागला. त्यातली वीस मिनिटं तो दहा नंबरचा पाना शोधत होता. तो त्याच्या खिशात होता.