चाऱ्याची गाडी

इथे आखातात, सखीरच्या पुढे वाळवंटात मालकाचं कुंपण घातलेलं रान आहे. तिथल्या हरणांचं चारापाणी बघणं ही माझी नोकरी. माझी पांढरी पिकअप दिसली की कळप धावत यायचा. एक लंगडी मादी तर इतकी आगाऊ, की मी पेंढी सोडायच्या आत तोंड घालायची. मी तिला शिव्या घालायचो, तिला त्याचं काहीच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी रजेवर चिपळूणला गेलो. परत येऊन गाडी आत घातली, तर सगळी हरणं पार पलीकडच्या कुंपणाला जाऊन चिकटली. माझ्या जागी ठेवलेल्या मलबारी ड्रायव्हरने नजर चुकवत सांगितलं, मालकाचे पाहुणे शिकारीला आले होते. जीप बघून हरणं बिथरायची, म्हणून कुणीतरी शक्कल लढवली आणि बंदुका चाऱ्याच्या गाडीत चढल्या. मला भयंकर संताप आला. बोलून तरी काय होणार होतं? व्हिसा मालकाचा, रान मालकाचं, हरणंही त्याचीच.

त्यानंतर ती दिवसा झुडपांतून बाहेर येईनात. मी टाकलेला चारा उन्हात वाळायचा, निम्मा कबुतरं फस्त करायची. अंधार पडल्यावर हरणं येऊन उरलंसुरलं खात असावीत. त्या धक्काबुक्कीत लंगडीला काय मिळणार? उन्हाळ्यात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग मी हट्टालाच पेटलो. ड्यूटी संपली की गाडी लांब उभी करून जमिनीवर बसून राहायचो, घामाने निथळत. गुदैबियाला घरी उशिरा पोचलो की बायको म्हणायची, माझी वाट बघत कधी एवढं बसला नाहीत. थंडी सुरू होता होता लंगडी आली. आधी लांबवर, मग गाडीपर्यंत. तिने माझ्या हातातून घास घेतला तेव्हा मला रडू आलं, ते सांगायला लाज कसली.

त्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. "जुम्मे को मेहमान आयेगा. गाडी तू चलायेगा. तेरे से भागता नहीं, मेरे को मालूम है."

मी रजा मागितली. रजा मफी, म्हणाला, म्हणजे रजा नाहीच. मिळाली असती तरी गाडी दुसऱ्या कुणी चालवलीच असती.

गुरुवारी लंगडी चाऱ्याशी आल्यावर मी तिच्या अंगावर ओरडलो, पत्र्याचा डबा आपटला. ती दचकून दोन उड्या मागे गेली. मग मी दगड उचलला आणि मारला. तो तिच्या पाठीला लागला. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि लंगडत परत चाऱ्याकडे आली.